ल्युपिनचं प्रथिन अंगी लागावं म्हणून: वाण, पाणी आणि आच यांचा हिशोब

ल्युपिन या कडधान्याच्या पिठाच्या पाकिटावर ‘प्रथिनं ४० टक्के’ असं छापलेलं असतं आणि ते बहुधा खरंही असतं. पण पोटात गेलेलं आणि अंगी लागलेलं यात अंतर असतं. ल्युपिनच्या बाबतीत हे अंतर दोन ठिकाणी पडतं: एकदा शेतात, वाण ठरतो तेव्हा, आणि एकदा भांड्यात, पाणी आणि आच लागते तेव्हा. प्रथिन ज्यांचं बनतं ती अमिनो आम्लं कोणती आणि किती, हे वाण आणि माती ठरवतात. प्रक्रिया त्यात नवीन काही घालत नाही. आहे ते पचनासाठी मोकळं करणं किंवा वाया घालवणं, एवढंच तिच्या हातात असतं. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या पायरीत हुकलेलं शेवटच्या पायरीत भरून निघत नाही.

आधी मोजमाप समजून घ्या

प्रयोगशाळा सहसा प्रथिन थेट मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला एका गुणकाने गुणते. सवयीचा गुणक ६.२५. ल्युपिनच्या प्रथिनात आर्जिनिन भरपूर असतं आणि आर्जिनिनच्या एका रेणूत नायट्रोजनचे चार अणू असतात. कडू बियांना कडू आणि विषारी करणाऱ्या अल्कलॉइड नावाच्या द्रव्यांतही नायट्रोजन असतोच. त्यामुळे ६.२५ हा गुणक इथे जरा सढळ पडतो; म्हणून कित्येक ठिकाणी ५.७ धरतात. नायट्रोजन ६.४ टक्के निघाला तर पहिल्या गुणकाने प्रथिन ४० टक्के होतं, दुसऱ्याने साडेछत्तीस. बी तेच, पीठ तेच. दोन अहवालांची तुलना करण्याआधी गुणक एकच आहे ना, ते बघा.

पुढचा प्रश्न अमिनो आम्लांचा. ल्युपिनची दुखरी नस म्हणजे गंधकयुक्त अमिनो आम्लं, मेथिओनिन आणि सिस्टीन. एक ग्रॅम प्रथिनात दोन्ही मिळून साधारण २० ते २५ मिलिग्रॅम भरतात आणि त्यातही मेथिओनिनचा वाटा लहान. ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलिनही काठावर असतात. लायसिन मात्र बरं असतं, ४५ ते ५५ मिलिग्रॅमच्या आसपास.

हे पुरेसं की अपुरं, ते कोणत्या मापाने मोजता त्यावर ठरतं. समजा, एका नमुन्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं २२ आणि ट्रिप्टोफॅन ८ मिलिग्रॅम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३च्या अहवालात तीन वर्षांपुढच्या सर्वांसाठी गंधकयुक्त आम्लांची गरज २३ धरली आहे. म्हणजे नमुन्याचा गुण (आहे ते भागिले गरज) ०.९६. त्याच अहवालात सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी ती २७ आहे, गुण ०.८१. आणि १९९१च्या जुन्या मापाने पाहिलं तर ट्रिप्टोफॅनची गरज ११ असल्यामुळे तेच सर्वांत तोकडं ठरतं आणि गुण ०.७३वर येतो. याला पचनीयतेने गुणायचं. ती ८५ टक्के धरली तर अंतिम आकडे ०.८१, ०.६९ आणि ०.६२. तीन वेगवेगळे निकाल, तिन्ही बरोबर! म्हणून ‘ल्युपिनच्या प्रथिनाची गुणवत्ता अमुक’ असं कोणी मोघम सांगितलं की मी आधी विचारतो, कोणासाठी आणि कोणत्या मापाने?

पायरी १: बी निवडा

खाण्यात येणाऱ्या प्रजाती चार. पांढरं ल्युपिन म्हणजे मोठं, चपटं बी. प्रथिन साधारण ३५ ते ४० टक्के, तेल १० टक्क्यांच्या आसपास, टरफल तुलनेने पातळ. अरुंद पानांचं ल्युपिन, ज्याला निळंही म्हणतात, ते लहान आणि गोलसर. प्रथिन ३० ते ३५ टक्के, तेल ६ टक्क्यांच्या आसपास आणि टरफल जाड, बियाच्या वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. पिवळ्या ल्युपिनमध्ये प्रथिन ४० टक्क्यांच्या वर जाऊ शकतं आणि सिस्टीनही इतरांपेक्षा साधारणतः जास्त असतं. अँडीज पर्वतातलं ‘तार्वी’ किंवा ‘चोचो’ हे सर्वांत श्रीमंत बी: ४० टक्क्यांहून अधिक प्रथिन, तेलही भरपूर, पण बहुतेक वाण कडूजहर.

केवळ प्रथिनाच्या दर्जाकडे पाहायचं तर पिवळं ल्युपिन सरस आहे, असं माझं मत. पण हाताशी मिळतं ते सहसा पांढरं किंवा अरुंद पानांचं. या दोघांत आधी ‘गोड की कडू’ हे बघा, टक्केवारी नंतर.

गोड म्हणजे साखरेसारखं गोड नव्हे. अल्कलॉइड कमी असलेलं. कडू बियांत लुपानिन, स्पार्टीन यांसारखी अल्कलॉइडं वजनाच्या १ ते ४ टक्के असू शकतात. १९२०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत राइनहोल्ड फॉन झेंगबुश यांनी लाखो झाडं तपासून त्यातली जवळजवळ अल्कलॉइडविरहित झाडं वेचून काढली, तिथून गोड वाणांची सुरुवात झाली. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियात जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी अरुंद पानांचं ल्युपिन शेतीचं पीक म्हणून घडवलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या नियमांत खाण्याच्या ल्युपिनसाठी अल्कलॉइडांची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे.

गोड वाणाच्या नावावर मात्र डोळे मिटून विसंबू नका. पांढऱ्या ल्युपिनमध्ये परपरागीकरण बऱ्यापैकी होतं. शेजारी कडू पीक असेल तर कडू बी मिसळतं. जमिनीत पालाश कमी असेल तर अरुंद पानांच्या गोड वाणांतही अल्कलॉइडं वाढतात. साधी चाचणी अशी: भिजवून शिजवलेल्या दहाबारा बिया एकेक करून जिभेच्या टोकाला लावा, गिळू नका. एक जरी स्पष्ट कडू लागली तरी पूर्ण ढीग कडू समजून पुढची प्रक्रिया करा. डाग पडलेल्या, तपकिरी झालेल्या, सुरकुतलेल्या बिया निवडून फेकून द्या. ल्युपिनच्या झाडावर वाढणारी एक बुरशी फोमोप्सिन नावाचं यकृताला घातक विष तयार करते आणि शिजवल्याने ते जाईल असा भरवसा धरता येत नाही.

निवडीच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा असतो, पण तो फार कोणी विचारत नाही: जमिनीला गंधक मिळालं होतं का? ल्युपिनचं प्रथिन म्हणजे मुख्यतः चार कुटुंबं, आल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा काँग्लुटिन. यांतलं डेल्टा आकाराने लहान पण गंधकाने समृद्ध; बीटा भरपूर पण गंधकाच्या बाबतीत कंगाल. जमिनीत गंधक कमी पडलं की झाड डेल्टा कमी आणि बीटा जास्त बनवतं. नायट्रोजन तेवढाच राहतो, म्हणून टक्केवारी जागची हलत नाही. दर्जा मात्र गुपचूप घसरतो. वाण तोच असून दोन शेतांतल्या मालाचे गुण वेगळे येतात, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं.

आणि ज्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी इथेच थांबावं. ल्युपिनची प्रथिनं शेंगदाण्याच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती आहेत की शरीर दोन्हींत गल्लत करू शकतं. युरोपीय संघाने २००६ मध्ये ल्युपिनला सक्तीने नमूद करायच्या अ‍ॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीत घातलं. साध्या उकडण्याने हा धोका टळत नाही.

पायरी २: टरफल काढा

ही पायरी सोपी आणि फायद्याची. टरफलात जवळजवळ सगळा चोथाच असतो, प्रथिन जेमतेम ५ टक्के. अरुंद पानांच्या १०० ग्रॅम बियांत ३२ ग्रॅम प्रथिन आणि २४ ग्रॅम टरफल धरा. टरफलाबरोबर सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिन जातं आणि उरलेल्या ७६ ग्रॅम डाळीत जवळपास ३१ ग्रॅम राहतं, म्हणजे ४० टक्क्यांच्या वर. अमिनो आम्लांचं प्रमाण फारसं बदलत नाही. पचनीयता मात्र थोडी सुधारते, कारण चोथा कमी झाल्याने पाचक रसांना वाट मोकळी मिळते. गोड वाण कोरडेच भरडून टरफल पाखडता येतं. कडू बी सोलायचं ते भिजवून उकडल्यावर. तेव्हा चिमटीत दाबलं की डाळ आपोआप निसटते.

डाळ झाल्यावरही तिच्यात तंतू भरपूर उरतात आणि स्टार्च नावालाच असतो. त्यामुळे इतर कडधान्यांसारखी ती शिजून मऊ, पिठूळ होईल अशी वाट पाहू नका. ती शिजल्यावरही कचकचीतच राहते.

पायरी ३: कडवटपणा काढा, पण प्रथिन वाहू देऊ नका

गोड, तपासलेलं बी असेल तर रात्रभर भिजवून, पाणी फेकून, ताज्या पाण्यात शिजवलं की झालं. या पायरीतलं पुढचं सगळं कडू बियांसाठी आहे, आणि प्रथिनाचं सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं.

मुळातली अडचण अशी की अल्कलॉइडं पाण्यात विरघळतात आणि काही प्रथिनंही विरघळतात. एकाला घालवून दुसऱ्याला ठेवायचं आहे. दोघांना वेगळं करणारी गोष्ट म्हणजे उष्णता. उकळल्यावर प्रथिनं गोठून जागच्या जागी बसतात. पेशींचे पापुद्रे मात्र फाटतात आणि अल्कलॉइडांना बाहेर पडायला वाट होते. उष्णतेने बीही मरतं, त्यामुळे नंतर पाच दिवस पाण्यात राहूनही त्याला मोड येत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा.

एक. निवडलेल्या बिया तिप्पट-चौपट साध्या पाण्यात १२ ते १८ तास भिजवा. या पाण्यात मीठ घालू नका, सोडाही नको. ल्युपिनचं बहुतेक प्रथिन ग्लोब्युलिन जातीचं आहे आणि ग्लोब्युलिन मिठाच्या सौम्य पाण्यात विरघळतं. कच्च्या बियांना मिठाचं पाणी देणं म्हणजे प्रथिनाला आपणच दार उघडून देणं. सोड्याने तर प्रथिन आणखी सुटतं.

दोन. भिजवलेलं पाणी फेका. ताज्या पाण्यात उकळी आणा आणि तासभर उकडा. अर्ध्या तासाने पाणी एकदा बदललंत तर उत्तम. ही उकळी टाळून थेट थंड पाण्याने धूत बसणं ही मला सर्वांत महागडी चूक वाटते. कडवटपणा निघायला जास्त दिवस लागतात आणि तेवढे दिवस प्रथिनही पाझरत राहतं.

तीन. आता थंड पाण्यात ठेवा आणि दिवसातून दोनतीनदा पाणी बदला. किती दिवस? जरा गणित करू. अल्कलॉइड १ टक्का म्हणजे किलोमागे १०,००० मिलिग्रॅम. २००वर यायचं तर ९८ टक्के घालवायला हवं. प्रत्येक बदलात निम्मं निघतं असं धरलं तर सहा बदल लागतील. बी ४ टक्क्यांचं असेल तर आठ. प्रत्यक्षात शेवटचा कडवटपणा बियाच्या गाभ्यातून हळूहळू बाहेर येतो, त्यामुळे चार-पाच दिवस सहज लागतात. अँडीजमध्ये वाहत्या पाण्यात आठवडाभरही ठेवतात. उष्ण हवेत भांडं थंड जागी ठेवा, नाहीतर बिया बुळबुळीत होऊन आंबतात. निघालेलं पाणी जनावरांना पाजू नका.

चार. कडवटपणा पूर्ण गेल्यावरच हवं तर मिठाच्या पाण्यात ठेवा. आता प्रथिन गोठलेलं असल्यामुळे मीठ त्याचं फार बिघडवत नाही. मीठ आधी घातलं तर आणखी एक धोका: खारटपणाखाली कडवटपणा लपतो आणि जीभ फसते.

खाल्ल्यावर तोंड कोरडं पडणं, नजर धूसर होणं, बाहुल्या मोठ्या होणं, छातीत धडधड, चक्कर किंवा लघवी अडणं यांपैकी काही झालं तर ते अल्कलॉइडाचं लक्षण समजून लगेच डॉक्टरांकडे जा.

इथे आकड्यांचा एक चकवा आहे. समजा, १०० ग्रॅम कोरड्या बियांत ३८ ग्रॅम प्रथिन होतं. धुवून, वाळवून ७८ ग्रॅम माल उरला आणि त्यात साडेचौतीस ग्रॅम प्रथिन राहिलं. टक्केवारी ३८वरून ४४वर गेली! प्रत्यक्षात साडेतीन ग्रॅम प्रथिन पाण्याबरोबर गेलंय. साखरा, क्षार आणि अल्कलॉइडं त्याहून जास्त गेली, म्हणून उरलेल्यात प्रथिनाचा वाटा फुगला. ‘प्रक्रियेने प्रथिन वाढलं’ असं वाचलंत तर ते बहुतेक वेळा हेच असतं. गेलेल्यात पाण्यात सहज विरघळणारी प्रथिनं जास्त, आणि गंधकवालं डेल्टा त्यांतलंच. म्हणून उकळी आधी देण्याचा मी एवढा आग्रह धरतो.

पायरी ४: आच किती आणि कशी

सोयाबीन कच्चं खाता येत नाही, कारण त्यात ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिन तोडणाऱ्या पाचक विकराला, अडवणारे घटक भरपूर असतात आणि ते उष्णतेनेच मोडतात. ल्युपिनमध्ये हे घटक मुळातच फार कमी. त्यामुळे सोयाबीनची कडक प्रक्रिया इथे जशीच्या तशी लावण्याची गरज नाही, आणि तसं करणं तोट्याचंही ठरतं.

तरीही थोडी उष्णता हवीच. गॅमा काँग्लुटिनची मूळ घडी इतकी घट्ट असते की ट्रिप्सिनला तिच्यात शिरकाव मिळत नाही. ल्युपिनची बहुतेक प्रथिनं साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उलगडतात. म्हणजे ओल्या उकळीत, प्रेशर कुकरमध्ये किंवा वाफेवर काम होतं. एक्स्ट्रुजनमध्ये, म्हणजे यंत्रातून पीठ दाबून बाहेर काढण्याच्या पद्धतीत, उष्णता, ओलावा आणि दाब थोडाच वेळ एकत्र येतात, म्हणून त्याने पचनीयता चांगली सुधारते.

कोरडी भाजणी मात्र जपून. पीठ तपकिरी होऊन खमंग वास सुटतो तेव्हा लायसिन साखरेशी बांधलं जात असतं. प्रयोगशाळेच्या साध्या चाचणीत यातलं काही लायसिन पुन्हा सुटून ‘आहे’ असं दिसतं, पण शरीराला ते वापरता येत नाही. भाजलेल्या किंवा कडक तापमानाला वाळवलेल्या मालासाठी ‘क्रियाशील लायसिन’ ही वेगळी चाचणी मागावी लागते ती यामुळेच. एकूण लायसिन ४८ आणि क्रियाशील ३८ असा अहवाल आला तर हिशोबात ३८ धरायचं. वाळवताना ५०-६० अंशांवर, पातळ थरात, वारा खेळता ठेवून वाळवा. वास हवाच असेल तर मंद आचेवर, रंग बदलायला लागताच उतरवा.

मोड आणणं आणि आंबवणं

दोन्हींनी पोटात गुबारा धरवणाऱ्या रॅफिनोज कुळातल्या साखरा कमी होतात, खनिजं अडवून ठेवणारं फायटेट घटतं आणि प्रथिन थोडं आधीच तुटून पचायला हलकं होतं. मोड फक्त गोड बियांना आणा. मोड आल्याने कडवटपणा जातो यावर विसंबू नका. आणि मोडाचं पीठ कडक भाजू नका: मोठ्या साखरा तुटून सुट्या झालेल्या असतात आणि त्याच लायसिनला बांधतात. आंबवायचं तर सोललेल्या, शिजवलेल्या, कोरड्या केलेल्या डाळीवर रायझोपस बुरशीचं विरजण लावून ३०-३२ अंशांवर दीड दिवस ठेवलं की टेम्पे, म्हणजे बुरशीने घट्ट बांधलेली आंबवलेली वडी, तयार होतं. गंधकयुक्त अमिनो आम्लांची उणीव यातून भरून निघेल ही आशा मात्र सोडा.

प्रथिन वेगळं काढताना

आयसोलेट, म्हणजे वेगळं काढलेलं जवळजवळ शुद्ध प्रथिन, बनवण्याची रूढ पद्धत अशी: पिठातलं प्रथिन किंचित अल्कधर्मी पाण्यात, सामू ८ ते ९ ठेवून, विरघळवायचं, चोथा गाळायचा, मग आम्ल घालून सामू ४.५वर आणायचा. प्रथिन दह्यासारखं फुटून खाली बसतं, ते धुऊन, उदासीन करून वाळवायचं. हातात येतं ते ८५-९० टक्के शुद्ध.

पण खाली काय बसतं आणि वर काय राहतं? बसतात मुख्यतः आल्फा आणि बीटा. वरच्या निवळीत डेल्टा आणि गॅमाचा मोठा भाग राहतो, म्हणजे गंधक असलेला माल गटारात! त्यामुळे ९० टक्क्यांच्या आयसोलेटचा अमिनो आम्लांचा गुण त्याच बियाच्या साध्या पिठापेक्षा कमी निघू शकतो. पचनीयता जास्त, गंधक कमी. निवळी गाळणीच्या पडद्यातून घट्ट करून परत मिसळण्याची सोय असेल तर जरूर करा. आणि उतारा वाढावा म्हणून सामू ११च्या पुढे नेऊन वर तापवण्याचा मोह आवरा. त्यात सिस्टीन आणि लायसिन दोन्ही नासतात आणि लायसिनोअ‍ॅलानिन नावाचं निरुपयोगी संयुग तयार होतं.

चाचणीला देताना

अहवालात ओलावा, नायट्रोजन आणि गुणक वेगवेगळे लिहून मागा. मेथिओनिन आणि सिस्टीनसाठी आधी ऑक्सिडीकरण करून विघटन करतात का, आणि ट्रिप्टोफॅनसाठी अल्कधर्मी विघटन करतात का, हे स्पष्ट विचारा. नेहमीच्या आम्ली विघटनात ट्रिप्टोफॅन जवळजवळ पूर्ण नष्ट होतं आणि सिस्टीनचीही मोडतोड होते. ल्युपिनमध्ये नेमकी हीच अमिनो आम्लं कळीची असल्यामुळे चुकीच्या पद्धतीचा अहवाल निव्वळ कागद ठरतो. पचनीयतेसाठी पेप्सिन आणि मग पॅन्क्रिएटिन ही पाचक विकरं वापरून केलेली काचपात्रातली चाचणी दोन वाणांची किंवा दोन प्रक्रियांची आपसात तुलना करायला पुरते.

शेवटची पायरी: धान्याची जोड

प्रक्रियेने न भरणारी उणीव मिश्रणाने भरते. गव्हाचं पीठ ८० ग्रॅम, त्यात ११ टक्के प्रथिन, म्हणजे ८.८ ग्रॅम. ल्युपिनच्या डाळीचं पीठ २० ग्रॅम, ४० टक्क्यांनी ८ ग्रॅम. गव्हाच्या प्रथिनात ग्रॅममागे लायसिन २६ आणि गंधकयुक्त आम्लं ३८ धरा. ल्युपिनमध्ये ४८ आणि २२. मिश्रणात लायसिन साडेछत्तीस होतं आणि गंधकयुक्त आम्लं ३०. मोठ्यांच्या मापाने गंधकाची उणीव पूर्ण मिटली. लायसिनचा गुण नुसत्या गव्हाचा ०.५४ होता, तो ०.७६ झाला. शिवाय १०० ग्रॅम पिठातलं प्रथिन ११वरून जवळपास १७ ग्रॅमवर गेलं.

फुगवून भाजायच्या ब्रेडमध्ये मात्र १० टक्क्यांपासून सुरुवात करा. ल्युपिनमध्ये ग्लुटेन नाही आणि तंतू पाणी शोषून घेतात, त्यामुळे पाणी वाढवावं लागतं आणि प्रमाण चढलं की लादी बसकी होते. न फुगवता लाटून किंवा थापून करायच्या पदार्थांत २० टक्के सहज चालतं. फक्त पीठ मळून अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे तंतूंना हवं तेवढं पाणी आधीच पिऊन होतं आणि कडा फाटत नाहीत.